नातू नागरिक आहे, पण आजीला आधार लेकीच्या नागरिकत्वाचा

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. मुलगा सहा वर्षांचा, जन्म इथलाच. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, अधूनमधून फिट येते, आणि खाणं पोटात बसवलेल्या नळीतून द्यावं लागतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती नळी बसवली तेव्हा माझी आई साताऱ्याहून व्हिजिटर व्हिसावर आली. मुदत संपायच्या आत आम्ही मुदतवाढीचा अर्ज केला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये नामंजूर झाला. तेव्हा मुलगा न्यूमोनियाने इस्पितळात होता, आई गेली नाही आणि पुढे राहूनच गेली. दिवसातले चार फीड, औषधं, फिटची नोंद सगळं तीच बघते, एका वहीत लिहून ठेवते. मी आणि नवरा दोघेही नोकरीला. मला ग्रीन कार्ड १५ मार्च २०२२ ला मिळालं. सिटिझनशिपचा विचार पुढे ढकलते आहे, कारण वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय आणि ती जमीन जाईल असं सगळे म्हणतात. ओळखीच्या एक काकू म्हणतात, नातू अमेरिकन आहे, आजारी आहे, आजीला कोण हात लावणार? दीर म्हणतात, गुपचूप भारतात पाठवा आणि सहा महिन्यांनी नव्या व्हिसावर आणा. आई हल्ली दाराची बेल वाजली तरी दचकते. काय करू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

काकू आणि दीर दोघांनी मायेपोटीच सांगितलंय, पण दोघांचंही ऐकू नका. त्यातही दिरांचा सल्ला जास्त घातक आहे, म्हणून आधी तो.

मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला होता, त्यामुळे तो प्रलंबित असेपर्यंतचा काळ साधारणपणे बेकायदा वास्तव्यात धरत नाहीत. नामंजुरीच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. १८० दिवसांहून जास्त राहून माणूस देशाबाहेर गेला तर तीन वर्षं परत येता येत नाही, एक वर्ष किंवा जास्त राहून गेला तर दहा वर्षं. आईंचं एक वर्ष नोव्हेंबर २०२४ मध्येच उलटलं. ही बंदी लागते ती बाहेर पाऊल टाकल्यावर. इथे असेपर्यंत ती निद्रिस्त असते, विमानात बसल्या की जागी होते. जुना व्हिसाही मुदत मोडली तेव्हाच आपोआप रद्द झाला, पासपोर्टवर त्याची तारीख शिल्लक दिसत असली तरी. म्हणजे 'सहा महिन्यांनी आणा' याचा हिशोब प्रत्यक्षात दहा वर्षांचा होतो, आणि तोवर नातू सोळा वर्षांचा असेल. सरकारी अ‍ॅपवरून स्वतःहून निघून जाणाऱ्यांना पैसे मिळतात असं ऐकलं असेल. ते पैसे घेतल्याने ही बंदी पुसली जात नाही.

आता काकूंचं म्हणणं. हद्दपारी रद्द करून घेण्याची एक तरतूद कायद्यात खरोखर आहे. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे ती मागता येते आणि तिच्यात आजारपणाला वजन आहे. पण अटी बघा. सलग दहा वर्षं देशात वास्तव्य हवं, वर्तणूक चांगली हवी, आणि आपल्या जाण्याने नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या नवरा-बायकोला, आईवडिलांना किंवा मुलाला नेहमीच्या ताटातुटीपेक्षा फारच वेगळे, असाधारण हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावं लागतं. 'मूल' म्हणजे एकवीसच्या आतलं, अविवाहित. त्या यादीत नातवंड नाही. तुम्ही लेक आहात, पण लग्न झालेल्या आणि एकवीसच्या पुढच्या, म्हणून तुम्हीही नाही. शिवाय आईंची दहा वर्षं भरायला बराच अवकाश आहे, आणि वर्षाला देशभरात मिळून ४,००० जणांनाच हा लाभ देता येतो. (हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आजारी नागरिक मुलाची स्वतःच आई किंवा बाप असेल आणि दहा वर्षं झाली असतील, तर गोष्ट वेगळी. अशांनी हा मार्ग वकिलाकडून जरूर तपासून घ्यावा.)

थोडक्यात, ज्या बाळासाठी आजी थांबली त्या बाळाच्या नावावर कायदा आजीला काहीच देत नाही. हे अन्यायाचं आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. पण अर्ज भरताना मत बाजूला ठेवावं लागतं.

आईंना खरं संरक्षण तुमच्यामुळे मिळू शकतं. एकवीस वर्षांवरचा अमेरिकी नागरिक आपल्या आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकतो, त्याला रांग नाही. ग्रीन कार्डधारक मात्र आईवडिलांसाठी अर्जच करू शकत नाही. यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी की नागरिकाची आई रीतसर व्हिसावर, विमानतळावर तपासणी होऊन आत आलेली असेल, तर नंतर मुदत उलटली तरी तिला देश न सोडता इथेच ग्रीन कार्ड मिळू शकतं. म्हणून आईंचं आय-९४, म्हणजे देशात आल्याची सरकारी नोंद, आणि पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का हे तुमच्या घरातले सर्वांत मौल्यवान कागद आहेत. आय-९४ सरकारी संकेतस्थळावरून आजच उतरवून घ्या. जुना पासपोर्ट संपला म्हणून फेकू नका.

तुमची पाच वर्षं १५ मार्च २०२७ ला भरतात. नागरिकत्वाचा अर्ज, एन-४००, त्याच्या ९० दिवस आधी म्हणजे १५ डिसेंबर २०२६ पासून देता येतो. एक दिवस आधी गेला तरी नामंजूर होऊ शकतो, म्हणून चार-पाच दिवस सोडून पाठवा. शुल्क ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. तोवर तुम्ही स्वतः सलग सहा महिन्यांवर देशाबाहेर राहू नका, पाच वर्षांची मोजणी त्यात अडकते. परीक्षा ऑक्टोबर २०२५ पासून बदलली आहे : १२८ प्रश्नांच्या यादीतून २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. अर्जात एक प्रश्न असतो, कुणाला बेकायदा देशात यायला मदत केली का. आई व्हिसावर आल्या. खरं उत्तर 'नाही' आहे, त्याला बिचकू नका.

आणि शेतीचं. भारतीय नागरिकत्व सोडलं की जमीन जाते, हे खरं नाही. ओसीआय कार्डधारकाला (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयाला) नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण भारतात राहणाऱ्या वडिलांकडून वारशाने आलेली जमीन ठेवता येते. सातबाऱ्यावरचं नाव तसंच राहतं. या एका गैरसमजापायी तुम्ही आईंना उघड्यावर ठेवलंय, हे आम्हाला सांगितलंच पाहिजे. मन हळहळेल ते समजू शकतो, पण तारीख चुकवू नका. जावयांनी आधी नागरिकत्व घेतलं तरी चालणार नाही, सासूसाठी अर्ज करता येत नाही.

नागरिकत्वाची शपथ झाली की आय-१३० (आईंशी नातं दाखवणारा तुमचा अर्ज) आणि आय-४८५ (आईंचा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्र पाठवायचे. सध्याचं शुल्क अनुक्रमे ६७५ आणि १,४४० डॉलर, कागदी अर्जाचं. चेक आता घेत नाहीत, कार्डाने किंवा थेट बँक खात्यातून भरावं लागतं. सोबत आय-८६४ हे तुमच्या उत्पन्नाचं हमीपत्र (कुटुंबाच्या आकाराप्रमाणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न हवं), आणि मान्यताप्राप्त डॉक्टरने भरलेला आय-६९३ वैद्यकीय तपासणीचा फॉर्म. तो डिसेंबर २०२४ पासून अर्जासोबतच जोडावा लागतो, मागाहून चालत नाही.

मराठी घरांचे अर्ज जिथे हमखास अडतात ती जागा म्हणजे नावं. तुमच्या जन्मदाखल्यावर आईंचं नाव असणं हा सगळ्या अर्जाचा कणा आहे. तो दाखला काढून आत्ताच बघा. पुष्कळ दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, कारण नोंद बारशाआधी झालेली. तसं असेल तर नगरपालिकेतून नाव भरून नवा दाखला काढायला महिने जातात. आईंचा स्वतःचा जन्म घरी झालेला, नोंद नाही, असं असेल तर निबंधकाकडून अनुपलब्धतेचा दाखला, त्याच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला, आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. मधला पूल म्हणजे लग्नाचा दाखला. तोही नसेल तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र. साताऱ्यात कोणी भाऊ-वहिनी असतील तर त्यांना या महिन्यातच कामाला लावा. प्रत्येक मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर, आणि खाली भाषांतरकाराने 'भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात' असं लिहून सही करायची. नोटरी लागत नाही. तुम्ही स्वतः भाषांतर करू नका, अर्जदाराच्या घरच्याचं भाषांतर उगाच शंकेला जागा देतं.

आता मधला काळ, म्हणजे शपथ होईपर्यंतचा. इथे खोटा धीर देणार नाही. या काळात आईंना अटकेपासून वाचवणारा कागद नाही. पुढे आय-४८५ दाखल झाल्यावरही अटक अशक्य होत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात सॅन दिएगोच्या कार्यालयात नागरिकांच्या जोडीदारांना, ज्यांची फक्त व्हिसाची मुदत उलटली होती, ग्रीन कार्डच्या मुलाखतीतूनच ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या. आणि फेब्रुवारी २०२५ पासूनच्या धोरणाप्रमाणे अर्ज नामंजूर झाला आणि माणूस मुदतीबाहेर असला तर हद्दपारीची नोटीस निघते. म्हणून अर्ज अर्धवट कागदांवर रेटायचा नाही, आणि मुलाखतीला वकिलाशिवाय जायचं नाही.

वकील कसा निवडायचा? इमिग्रेशन कायदा केंद्राचा असल्याने कुठल्याही राज्याचा परवाना चालतो, तो परवाना त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर नावाने तपासा. 'कन्सल्टंट', 'पेपर करून देणारे', टॅक्स भरून देणारे यांच्याकडे जाऊ नका. त्यांनी आश्रयाचा खोटा अर्ज ठोकून दिला तर आईंच्या नावावर कायमचा डाग बसतो. वकिलाकडे जी-२८ हा वकालतनाम्याचा फॉर्म आईंची सही घेऊन आधीच ठेवा. अटक झाल्यावर सही मिळवण्यातच दोन दिवस जातात.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळायच्या. कुठल्याही फॉर्मवर आईंसाठी 'नागरिक' या चौकटीत खूण नको, डीएमव्हीत (वाहन परवाना कार्यालयात) नाही, मतदार नोंदणीत तर मुळीच नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा जवळजवळ कायमचा अडथळा आहे, तो तुमच्या नागरिकत्वानेही धुतला जात नाही. आईंच्या नावाने आयएचएसएसची टाइमशीट भरू नका. त्या कार्यक्रमात काळजी घेणाऱ्याला मोबदला मिळतो, पण काम करण्याची परवानगी असलेल्यालाच. कुणाचा तरी नंबर वापरून आईंना पगार चालू करणारी घरं आहेत आणि ती पुढे अडकतात. मुलाच्या मेडी-कॅलच्या, म्हणजे राज्याच्या आरोग्य योजनेच्या, फॉर्मवर जो अर्ज करत नाही त्याची इमिग्रेशनची स्थिती सांगावी लागत नाही, तो रकाना मोकळा ठेवा. सॅन दिएगोकडे गाडीने जाणं या काळात नको. परतीच्या वाटेवर, आय-५ महामार्गावर सॅन क्लेमेंटेजवळ बॉर्डर पॅट्रोलची, म्हणजे सीमा गस्ती दलाची, चौकी आहे. देशांतर्गत विमानप्रवासही टाळा. घर बदललंत तर दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरा.

बेलचं म्हणाल तर आईंना हे शिकवा, त्यांच्या भाषेत, दोन-तीनदा सराव करून. दार उघडायचं नाही. 'कागद दाराखालून सरकवा' एवढं इंग्रजी वाक्य पाठ. कागदावर न्यायाधीशाची सही आणि न्यायालयाचं नाव आहे का ते तुम्ही किंवा वकील फोटोवरून बघाल. आय-२०० किंवा आय-२०५ असं छापलेलं वॉरंट इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याच्या सहीचं असतं, त्यासाठी दार उघडावं लागत नाही. तरीही कोणी आत शिरलं तर अंगाने अडवायचं नाही, 'माझी संमती नाही' म्हणायचं आणि गप्प राहायचं. खोटं नाव, खोटा देश सांगायचा नाही, सही कशावरच करायची नाही. इस्पितळांना पूर्वी या कारवाईतून वगळलेलं असायचं, ते केंद्राचं धोरण जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं. कॅलिफोर्नियाने मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये कायदा करून इस्पितळांच्या आतल्या, सामान्य लोकांना मज्जाव असलेल्या भागात न्यायालयीन वॉरंटशिवाय प्रवेश देऊ नये असं बंधन घातलं. म्हणून फेरतपासणीला गेल्यावर आईंनी प्रतीक्षागृहात थांबण्यापेक्षा मुलासोबत आतच जावं.

समजा नेलंच, तर कुठे ठेवलंय याचा शोध खात्याच्या संकेतस्थळावर घ्यायचा. नाव पासपोर्टवर आहे तसं आणि जन्मदेश टाकावा लागतो. आपल्याकडे नावाला जोडून नवऱ्याचं नाव असतं, त्यामुळे सापडत नाही. दोन्ही प्रकारे टाकून बघा. ए-नंबर, म्हणजे खात्याने दिलेला ओळख क्रमांक, मिळाला तर त्याने लगेच सापडतं. व्हिसावर आलेल्या माणसाला जामिनाची सुनावणी मागता येते, जामीन कमीत कमी १,५०० डॉलरचा, बहुधा कितीतरी जास्त, आणि तो भरायला तुमचं ग्रीन कार्ड पुरतं. न्यायालयाची नोटीस आली तर एकही तारीख चुकवू नका. गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम निघाला तर इथेच ग्रीन कार्ड घेण्याचा मार्ग दहा वर्षं बंद होऊ शकतो, म्हणजे तुमचं सगळं गणित कोसळतं. आईंच्या रक्तदाब-साखरेच्या गोळ्यांची इंग्रजी यादीही त्यांच्या पिशवीत ठेवा.

अशा वेळी नातवाच्या आजाराचा उपयोग होतो, फक्त हक्क म्हणून नाही, विनंती म्हणून. जामिनाच्या सुनावणीत, हुकूम निघाला असेल तर स्थगितीच्या आय-२४६ अर्जात, किंवा 'डिफर्ड अ‍ॅक्शन', म्हणजे कारवाई तूर्त लांबणीवर टाका या मागणीत. शेवटची सवलत किती लहरीवर चालते ते २०१९ मध्ये दिसलं. ऑगस्टमध्ये अनेक आजारी माणसांच्या घरी 'ही सवलत बंद, ३३ दिवसांत देश सोडा' अशी पत्रं गेली, गदारोळ झाला आणि सप्टेंबरात ती पुन्हा सुरू केली. त्या वेळी तुमच्याच भागातली मारिया इसाबेल ब्वेसो ही तरुणी पुढे आली होती. ग्वातेमालाहून ती लहानपणी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला औषधाच्या चाचणीसाठी आलेली. अखेर २०२२ च्या डिसेंबरात संसदेने खास तिच्यासाठी कायदा केला आणि त्यात तिच्या आईवडिलांचीही नावं घातली. असं क्वचित घडतं, त्यावर भिस्त ठेवू नका. पण आपल्या भागाच्या खासदाराच्या कार्यालयाशी ओळख ठेवा. तिथे माहिती देण्याच्या संमतीचा एक फॉर्म असतो, तो आईंच्या सहीने तयार असू द्या. त्यांच्या पत्राने हद्दपारी थांबत नाही, मात्र फाइल कुणीतरी बघतंय हे खात्याला कळतं.

या विनंत्यांत डॉक्टरचं पत्र सर्वांत महत्त्वाचं. 'आजी फार प्रेमाने करते' या वाक्याचा तिथे उपयोग होत नाही. पत्रात निदान हवं, दिवसातून किती वेळा काय करावं लागतं ते हवं, ते कोण करतं, कोणी शिकवलं, चुकलं तर काय होतं (फीड भरभर गेलं तर उलटी होऊन फुप्फुसात जाणं, मग न्यूमोनिया), आणि ती जागा भरायला प्रशिक्षित माणूस का मिळत नाही, तेही. डॉक्टरांना यातलं निम्मं ठाऊक नसतं. ते आईंच्या वहीत आहे. 'स. ६ : फीड १२० मिली, पंप ६०. ७.२० : फिट, ४० सेकंद, डावा हात' अशी एक ओळ चार पानांच्या विनवणीहून जड आहे. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, निवडक तीन महिन्यांचं भाषांतर करून घ्या, आणि पुढच्या भेटीला ते डॉक्टरांच्या हातात देऊन त्यावरूनच पत्र मागा.

वहीचं दुसरं कामही आहे, आणि ते आम्हाला पहिल्याइतकंच तातडीचं वाटतं. आज तुमच्या मुलाचं खाणंपिणं एकाच माणसावर टांगलेलं आहे. आईंना नेलं तर त्या दिवशीचं दुपारी बाराचं फीड कोण देणार? रीजनल सेंटर ऑफ द ईस्ट बे या, अशा मुलांना मदत मिळवून देणाऱ्या संस्थेकडे मुलाची नोंद नसेल तर करा, असेल तर विसाव्याचे तास (घरच्यांना उसंत मिळावी म्हणून दुसऱ्या कोणी मुलाला सांभाळायचे) मागा, फिट आणि नळी दोन्ही असल्याने नर्सचे तास मागा. पहिल्यांदा नाही म्हणाले तर लेखी नकार घ्या, त्यावर अपील करता येतं. शाळेत आणि शेजारी एकाकडे दोन पानी इंग्रजी सूचना ठेवा : नळीचा आकार, फीडचं नाव, पंपाचा वेग, फिट पाच मिनिटांवर गेली तर कोणतं औषध किती आणि ९११ केव्हा.

आणि या शनिवारी चारही फीड तुमच्या नवऱ्यांनी द्यायचे. आईंनी त्याच खोलीत खुर्ची घेऊन बसायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. वहीतली त्या दिवशीची ओळही नवऱ्यांनीच लिहायची.